कोणी येवो न येवो

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आईच्या पुण्यतिथीच्या मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची, नोंद करायला मी आमच्या चर्चच्या कार्यालयात गेलो, तेव्हा कार्यालय उघडायला अजून अवकाश होता, म्हणून बाजूच्या दाराने चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसलो. बाहेर कुठल्याशा वाडीत पंप चालू होता आणि त्याचा एकसुरी आवाज उघड्या खिडक्यांतून आत येत होता. फरशी नुकतीच पुसलेली होती. ओल्या फरशीचा, सकाळच्या विझलेल्या मेणबत्त्यांचा आणि जुन्या सागवानाचा मिळून एक वास आमच्या चर्चमध्ये दुपारच्या वेळी असतो, तो मला लहानपणापासून ओळखीचा आहे. डाव्या भिंतीशी पापनिवेदनाची, म्हणजे कन्फेशनची, लाकडी जागा आहे. मधोमध धर्मगुरूंची खुर्ची, दोन्ही अंगांना गुडघे टेकायच्या फळ्या आणि त्यांच्या वर जाळी. वरचा छोटा दिवा लागलेला होता, म्हणजे आत फादर होते. आमचे नवे साहाय्यक धर्मगुरू, वयाने जेमतेम तिशीचे, पांढऱ्या झग्यावर जांभळा स्टोल, म्हणजे गळ्यातला लांब पट्टा, घालून ताठ बसले होते. एक बाई आली, तिने मरियेच्या पुतळ्यापुढे शेवंतीची फुले ठेवली आणि ती निघून गेली. वेदीसेवक मुलगा येऊन पंखे लावून गेला. पापनिवेदनाला मात्र कोणीही आले नाही. सांजेच्या मिस्सेची पहिली घंटा झाली, तेव्हा फादर उठले, त्यांनी स्टोलचे चुंबन घेतले, त्याची घडी घातली, दिवा मालवला आणि ते वस्त्रागाराकडे गेले.

काहीच घडले नव्हते, आणि तरीही तो तास माझ्या मनातून जाईना.

पहिल्यांदा वाटले ते वाईट. सात-आठ वर्षे सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या विद्यालयात, घालवून, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकून, घरदार आणि संसार दोन्ही बाजूला ठेवून आलेला हा तरुण माणूस रिकाम्या जाळीपाशी बसतो, आणि ज्यांच्यासाठी तो बसतो ते आम्ही सगळे त्या वेळी हायवेवरच्या मॉलमध्ये, लग्नाच्या खरेदीत किंवा घरी मोबाईल पाहत असतो. मग वाटू लागले की हे नुसते वाईट वाटण्यापुरते नाही. त्यांच्या बसण्यात कंटाळलेल्या माणसाचा सैलपणा नव्हता. कोणीतरी येणार आहे हे गृहीत धरून ते बसले होते, आणि कोणी आले नाही तरी बसणे वाया गेले असे त्यांच्या चेहऱ्यावर कुठे दिसले नाही. आजच्या काळात ज्या कामाचा हिशेब देता येत नाही ते काम करीत राहणे ही गोष्ट मला फार दिवसांनी दिसली होती.

माझ्या आजीच्या वेळी हीच जागा शनिवारी गजबजलेली असे. आजी शनिवारी दुपारी वाडीतली कामे लवकर आटोपून, अंगावर धुतलेले लाल लुगडे, अंबाड्यात अबोलीची वेणी अशी निघे, आणि तिच्याबरोबर आळीतल्या चार-पाच बायका असत. मुलांना रांगेपासून दूर बसवले जाई, कारण दुसऱ्याचे पाप चुकून कानावर पडणेही पाप आहे असे आम्हांला शिकवलेले होते. आजी जाळीपाशी वाके तेव्हा खोबरेल तेलाचा वास आणि तिचा दबका, भरभर चाललेला स्वर एवढेच आमच्यापर्यंत पोहोचे. परत आल्यावर ती बाकावर गुडघे टेकून सांगितलेल्या प्रार्थना म्हणे, आणि घरी येईपर्यंत कोणाशी फारसे बोलत नसे. तिच्या तरुणपणी दुसऱ्या दिवशी ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायचे तर मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही चालत नसे. तो नियम पुढे बाराव्या पायस पोपमहोदयांनी १९५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये सैल केला. तेव्हाची मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि आजीला त्यातले फार थोडे कळे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला दार उघडले, त्यानंतर आमच्याकडे वेदीवर मराठी आली. पण त्या जाळीपाशी आजी आधीपासून आपल्या कादोडीतच, वसईतल्या आमच्या बोलीतच, बोलत होती. फादर पापक्षमेचे शब्द लॅटिनमध्ये उच्चारत, पण पाप सांगायचे ते ज्या बोलीत मासळीचा भाव केला, सुनेशी भांडण केले, त्याच बोलीत.

म्हणूनच जुन्या काळी बाहेरून आलेल्या मिशनरी धर्मगुरूंना आधी लोकांची भाषा शिकावी लागली. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव मराठी वाचकांना ख्रिस्तपुराणामुळे ठाऊक आहे. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापले गेले. व्याकरणाचा तो खटाटोप विद्वत्तेसाठी जितका होता, तितकाच साष्टीतल्या एखाद्या म्हातारीचे गाऱ्हाणे नीट कळावे यासाठीही असला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ऐकणे हे धर्मगुरूचे काम प्रवचनाइतकेच जुने आहे, पण त्याची नोंद कुठेही राहत नाही. राहूही नये असा नियमच आहे.

आजीची ती रांग सनातन आहे असे मी कित्येक वर्षे समजत होतो. वाचत गेलो तेव्हा कळले की ती बरीच अलीकडची आहे. पहिल्या शतकांत मोठ्या पापांची क्षमा लोकांसमोर दीर्घ प्रायश्चित्त करून मिळे आणि बहुधा आयुष्यात एकदाच मिळे. सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासीयांनी एकट्याने, गुपचूप आणि पुन्हा पुन्हा पापनिवेदन करण्याची रीत युरोपात नेली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे असा नियम घातला. आपण पाहतो ती लाकडी जागा आणि तिची जाळी सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांच्या आग्रहामुळे रूढ झाली. म्हणजे या संस्काराने आपले रूप अनेकदा बदलले आहे, आणि आजची ओस जागा पाहून तो संपला असे म्हणण्याची घाई करण्याचे कारण नाही.

ओस जागेविषयी विचार करताना मला आर्सच्या संत जॉन व्हियानींची आठवण येणे अपरिहार्य होते. धर्मग्रामातल्या सगळ्या धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत, आणि ४ ऑगस्टला त्यांच्या सणाला आमच्याकडेही फादरांना फुले देतात. पण फुलांच्या त्या दिवशी त्यांची खरी हकीगत फारशी सांगितली जात नाही. शेतकऱ्याचा मुलगा, लॅटिनमध्ये इतका कच्चा की सेमिनरीतून परत पाठवलेला. १८१५ मध्ये कशीबशी गुरुदीक्षा मिळाली, तीही अशी की सुरुवातीचे काही महिने पापनिवेदन ऐकण्याची परवानगी त्यांना दिली गेली नाही. १८१८ मध्ये त्यांना लियाँच्या उत्तरेकडच्या आर्स गावी धाडले, जिथे अवघी दोनशे तीस माणसे राहत होती. राज्यक्रांतीच्या उलथापालथीत फ्रान्समधल्या एका सबंध पिढीची चर्चशी ओळख तुटली होती, गावकऱ्यांना पापनिवेदनाची सवय राहिली नव्हती, आणि नवे फादर पहाटेपासून रिकाम्या चर्चमध्ये बसत. बसत राहिले. वर्षे गेली आणि दूरदूरची माणसे आर्सला येऊ लागली. अखेरच्या काळात ते दिवसाला सोळा-सोळा तास त्या अरुंद जागेत बसून असत, आणि १८५९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा गावात यात्रेकरूंचा पूर लोटलेला होता. ही कथा यशाची म्हणून सांगण्याचा मोह होतो, आणि तिथेच ती निसटते. कारण याच व्हियानींनी आर्समधून एकदा नव्हे, अनेकदा पळून जाण्याचा प्रयत्न केला. आपण या कामाला नालायक आहोत, आपल्याला एखाद्या मठाच्या एकांतात रडायला जागा हवी, असे त्यांना वाटत असे. ते दर वेळी परत आले. गर्दी झाल्यावरही ते एकटेच होते, आणि गर्दी नव्हती तेव्हाही ते तिथेच होते. मला हे दुसरे अधिक मोठे वाटते.

आमच्या वसईत फादर म्हटले की लोकांना कामे आठवतात, आणि ती आठवण रास्त आहे. शाळा त्यांनी काढल्या. आज बॅसिन कॅथोलिक बँक म्हणून ओळखली जाणारी पतसंस्था १९१८ मध्ये एका धर्मगुरूच्याच पुढाकाराने उभी राहिली. टँकर लॉबी आणि बिल्डरांच्या विरोधात हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर होते, आणि तेच पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा सर्व धर्मांची माणसे हळहळली. मला या सगळ्याचा अभिमान आहे. तरीही अभिमानाच्या या यादीत एक धोका आहे, तो असा की धर्मगुरूचे मोल आपण त्याच्या कर्तृत्वावर लावू लागतो. जो बांधकाम करतो, सुंदर प्रवचन देतो, तरुणांचे शिबिर गाजवतो, तो चांगला फादर. जो यांतले काहीच करू शकत नाही, त्याच्या बदलीची लोक वाट पाहतात. ख्रिस्तसभेचे ईशज्ञान मात्र नेमके उलट टोक धरून बसले आहे.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्ट पंथाने असे मांडले होते की छळाच्या काळात जे धर्मगुरू कच खाऊन पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हाती देऊन मोकळे झाले, त्यांनी दिलेले संस्कार पोकळ आहेत. माणसाला न्यायाची चाड असेल तर हे म्हणणे लगेच पटते. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी त्याला विरोध केला. बाप्तिस्मा ख्रिस्ताचा पट्टशिष्य पेत्राने दिला तरी देणारा ख्रिस्तच, आणि ख्रिस्ताला धरून देणाऱ्या यहुदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच, असे त्यांचे म्हणणे होते. कृपा देणाऱ्याच्या गुणावर अवलंबून असती, तर तापाने फणफणलेल्या माणसाने तैलाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्कारासाठी, आधी फादरांच्या चारित्र्याचा दाखला मागायचा का, हा तो प्रश्न आहे. मला या सिद्धान्तात फार मोठी करुणा दिसते, आणि ती आमच्यापेक्षाही धर्मगुरूवरची आहे. तुला असामान्य असण्याची गरज नाही, तू फक्त तिथे असायला हवे, असे ती त्याला सांगते.

गुरुदीक्षेचा विधी ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे शब्दांवाचून कळते. दीक्षार्थी वेदीपुढच्या फरशीवर पालथा झोपतो, कपाळ जमिनीला टेकलेले, आणि सगळे चर्च संतांची नावे घेत त्याच्यासाठी विनवणी करते. मग बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवतात आणि त्यांच्यामागून जमलेला प्रत्येक धर्मगुरू येऊन हात ठेवतो; त्या वेळी गायनवृंदही थांबलेला असतो. त्यानंतर त्याच्या तळव्यांना पवित्र तेल लावतात. आमच्या आळीतल्या एका मुलाच्या दीक्षेच्या वेळी मी त्याच्या आईच्या मागच्या रांगेत होतो. मुलगा फरशीवर झोपला तसा तिने तोंडात पदर धरला. त्यात आनंद होता, अभिमान होता, आणि आपल्या अंगणात आता या मुलाची पोरे खेळणार नाहीत हेही होते. ब्रह्मचर्याविषयी आपण ग्रंथांतून पुष्कळ वाचतो, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्ही, पण त्याची किंमत मी त्या पदरात पाहिली. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की प्रमुख याजक अज्ञानी व वाट चुकलेल्यांशी सौम्यपणे वागू शकतो, कारण तो स्वतःही दुर्बलतेने वेढलेला आहे. दुर्बलता ही इथे याजकाची पात्रता होते. २०२५ च्या ८ मे रोजी निवडून आलेले पोप चौदावे लिओ सज्जात उभे राहिले तेव्हा त्यांनी याच ऑगस्टीनचे वचन उच्चारले: तुमच्यासह मी ख्रिस्ती आहे आणि तुमच्यासाठी मी बिशप आहे. ते टीव्हीवर ऐकताना मला त्या फरशीवर झोपलेल्या मुलाची आठवण झाली.

आता जे लिहायचे आहे ते टाळून हा लेख पुढे जाऊ शकत नाही.

कृपा देणाऱ्याच्या गुणावर अवलंबून नसते, या सिद्धान्ताच्याच सावलीत भयंकर गोष्टी लपल्या. फ्रान्समध्ये बिशपांनीच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अहवाल दिला. १९५० पासूनच्या सत्तर वर्षांत धर्मगुरू आणि व्रतस्थ यांच्याकडून सुमारे २ लाख १६ हजार अल्पवयीनांचे लैंगिक शोषण झाले असावे, असा त्याचा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, २०१७ मध्ये शिफारस केली की बालकाच्या शोषणाची माहिती पापनिवेदनात कळली तरी ती पोलिसांना कळवणे बंधनकारक असावे, आणि तिथल्या काही राज्यांनी तसे कायदेही केले. आपल्याकडे २०१८ मध्ये केरळमधल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर पापनिवेदनात कळलेली गोष्ट हत्यार म्हणून वापरून एका स्त्रीचे शोषण केल्याचा आरोप झाला, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने हा प्रकारच बंद करण्याची शिफारस केली. चर्चच्या अनेक पंथांनी त्या शिफारशीला विरोध केला. तो विरोध मला पटला होता, पण आयोगाचा संताप समजून घेतल्याचे एकही वाक्य आमच्या व्यासपीठांवरून ऐकू आले नाही, याची बोच आजही आहे.

मी पापनिवेदनाच्या गोपनीयतेच्या बाजूचा आहे. ती मोडणाऱ्या धर्मगुरूला कॅनन लॉनुसार, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या कायद्यानुसार, आपोआप धर्मबहिष्कार लागतो, आणि तो उठवण्याचा अधिकार फक्त रोमला आहे. ती गेली तर जाळीपाशी कोणी येणार नाही, गुन्हेगारही नाही आणि ज्याच्यावर गुन्हा घडला तोही नाही. पण गोपनीयता पापनिवेदकाच्या रक्षणासाठी आहे, धर्मगुरूच्या नाही. तसेच यहुदाच्या हातून दिलेला बाप्तिस्माही खरा असतो याचा अर्थ यहुदाने ख्रिस्ताच्या बारा शिष्यांमध्ये मानाने बसून राहावे असा ऑगस्टीनने कधी काढला नव्हता. संस्काराची वैधता आणि माणसाची जबाबदारी या दोन गोष्टी कित्येक धर्मप्रांतांनी वर्षानुवर्षे एकमेकींत मिसळल्या, आणि संस्थेची अब्रू वाचवण्यासाठी अपराधी धर्मगुरूची बदली या गावातून त्या गावात केली. हे करुणेच्या सिद्धान्ताचे विटंबन होते, यापेक्षा सौम्य शब्द मला सापडत नाही. ख्रिस्तसभेला हा धोका ठाऊक नव्हता असेही म्हणता येत नाही. पापनिवेदनात मोहाला बोलावणाऱ्या धर्मगुरूसाठी तिच्या कायद्यात जुन्या काळापासून शिक्षा आहे, आणि आपल्या साथीदाराला त्याच पापाची क्षमा देणे निरर्थक ठरवलेले आहे. बोरोमिओंची ती जाळीसुद्धा मुळात धर्मगुरू आणि स्त्री यांच्यामध्ये अंतर राहावे म्हणून होती. आम्ही लहानपणी तिच्याकडे गूढ म्हणून पाहत होतो. ती एका अनुभवी माणसाने घेतलेली खबरदारी होती.

माझ्या भाचीचे म्हणणे वेगळे आहे. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, रविवारी मिस्सेला न चुकता जाते, आणि समुपदेशकाकडेही जाते. तिने मला विचारले, “मामा, तिथे मला तास मिळतो, माझे पूर्ण ऐकून घेतात, माझ्या बालपणापर्यंत जातात. कन्फेशनमध्ये पाच मिनिटांत काय होते?” मी तिला समुपदेशन सोडायला सांगितले नाही आणि सांगणारही नाही, तिचे जे दुखणे आहे त्याला ते औषध आहे. पण दोन्हीकडे आपण वेगवेगळे काही घेऊन जातो असे मला वाटते. समुपदेशकाकडे मी माझ्यावर काय घडले ते नेतो. जाळीपाशी मी काय केले ते नेतो, आणि तिथे मला स्पष्टीकरण हवे नसते. आईच्या अखेरच्या आजारपणात मी तिच्यावर ओरडलो होतो, त्याची कारणे मला ठाऊक आहेत, दमणूक, झोप नसणे, पैशांची चिंता. कारणे सांगून हलके वाटत नाही. कोणीतरी ते ऐकून, ते खोटे न पाडता, “तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, शांतीने जा” असे म्हणावे लागते, आणि ते माझे मलाच म्हणता येत नाही.

कोणीतरी, म्हणजे देहधारी कोणीतरी. २०२० मध्ये ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात चर्चची दारे बंद झाली आणि १२ एप्रिलचा ईस्टर आम्ही घरच्या टीव्हीसमोर मेणबत्ती लावून साजरा केला. मिस्सा पडद्यावर दिसत होती; पापनिवेदन मात्र फोनवरून चालणार नाही, हे स्पष्ट होते. तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी लोकांना कॅथोलिक धर्मशिक्षणातलीच एक जुनी शिकवण पुन्हा सांगितली, की धर्मगुरू मिळत नसेल तर थेट पित्याशी बोल, मनापासून पश्चात्ताप कर आणि नंतर संधी मिळताच पापनिवेदन करीन असे वचन दे. अनेकांनी तेव्हा विचारले, आणि आजही विचारतात, की थेट बोलता येत असेल तर मध्ये माणूस कशाला. मग २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका कॅथोलिक संस्थेने कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक धर्मगुरू संगणकावर आणला, झगा आणि कॉलर घातलेला. त्याने एका वापरणाऱ्याला पापक्षमाही देऊन टाकल्याचे प्रसिद्ध झाले, आणि टीका झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याची ‘फादर’ ही उपाधी काढून घ्यावी लागली. त्या यंत्राला धर्माची माहिती आमच्या फादरांपेक्षा जास्त असेल. पण त्याला लाज वाटण्याजोगे काही करता येत नाही, त्यामुळे त्याच्यापुढे मला लाजही वाटत नाही, आणि लाजेवाचून झालेली कबुली मनाच्या वरच्या थरातच राहते. शिवाय यंत्राला त्या रात्री झोपण्यापूर्वी माझ्यासाठी प्रार्थना करता येत नाही.

२०१४ च्या मार्च महिन्यात रोमच्या सेंट पीटर्समध्ये प्रायश्चित्ताचा विधी चालू असताना पोप फ्रान्सिस दुसऱ्यांची पापनिवेदने ऐकायला निघाले होते. विधीची व्यवस्था पाहणाऱ्या ज्येष्ठ धर्मगुरूंनी त्यांना त्यांची जागा दाखवली, आणि ते वाट सोडून समोरच्या एका साध्या धर्मगुरूपुढे जाऊन गुडघे टेकून बसले. आधी स्वतःचे पापनिवेदन त्यांनी केले. ते छायाचित्र जगभर गेले. मला त्यात सर्वांत जास्त त्या अनामिक धर्मगुरूविषयी वाटले, जो त्या दुपारी नेहमीसारखा येऊन बसला होता. धर्मगुरूचे कोण ऐकते, हा प्रश्न आपण फार क्वचित विचारतो. २०२३ च्या अखेरीस जगात सुमारे १४० कोटी कॅथोलिक आणि साधारण ४ लाख ७ हजार धर्मगुरू होते. या आकड्यांत त्यांच्या जेवणाच्या टेबलावरची शांतता मोजलेली नाही, रात्री अकराला हॉस्पिटलमधून तैलाभ्यंग देऊन परतल्यावर ज्याला काही सांगता येत नाही असे रिकामे घर मोजलेले नाही. आम्ही त्यांना नाताळात केक देतो, आणि त्यांची प्रकृती विचारायला विसरतो.

ईस्टरनंतर एका संध्याकाळी त्या तरुण फादरांशी बोलण्याचा योग आला आणि मी शनिवारच्या तासाविषयी विचारले. ते म्हणाले, “सुरुवातीला मी त्या वेळात प्रवचनाची तयारी करायचो. मग एकदा एक गृहस्थ आले आणि माझ्या हातात कागद पाहून म्हणाले, फादर, तुम्ही कामात आहात, नंतर येतो. ते नंतर आले नाहीत. तेव्हापासून कागद नेत नाही.” एवढेच. पुढे त्यांनी सांगितले की धर्मग्रामाच्या पालकीय परिषदेत हा तास बंद करून, ज्याला हवे त्याने फोन करून वेळ ठरवावी, असा प्रस्ताव आला आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. फादरांवर शाळेचे काम आहे, दोन उपकेंद्रे आहेत, आणि वाया जाणारा तास वाचावा असे त्यांना वाटते.

मी त्या परिषदेचा सदस्य आहे. माझे मत मी लेखी कळवले आहे. ज्याला सर्वांत जास्त गरज असते तो माणूस फोन करून वेळ ठरवत नाही. तो पाच वेळा चर्चच्या कंपाउंडपर्यंत येतो आणि परत जातो, आणि सहाव्या वेळी दिवा लागलेला दिसला तरच आत शिरतो. म्हणून तास राहावा आणि त्या तासात फादरांना दुसरे काम देऊ नये. त्याच पत्रात मी असेही लिहिले आहे की समोरासमोर बसून पापनिवेदन करण्यासाठी जी लहान खोली आपण वापरतो, तिच्या दाराला वरच्या भागात काच बसवावी, मुलांची पापनिवेदने उघड्या चर्चमध्येच व्हावीत, आणि तक्रार कुठे करायची याचा फलक चर्चच्या मुख्य दाराशी मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावा. काही सदस्यांना फलकाचा मुद्दा आवडलेला नाही. आपल्या फादरांवर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, असे ते म्हणतात. फादरांनी स्वतः काचेला आणि फलकाला होकार दिला आहे. काचेचे दार करायला सुताराने पंधरा दिवस मागितले आहेत, आणि फलकाचा निर्णय जूनच्या बैठकीत व्हायचा आहे.